मंडळीत सेवागट सुरू करायचाय? आधी एक वही घ्या

जय ख्रिस्त. दर वर्षी लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपास-प्रार्थनेचे दिवस, जवळ आला की कुणी ना कुणी फोन करून विचारतंच, ताई आम्हाला पण आमच्या चर्चमध्ये तुमच्यासारखा ग्रुप चालू करायचाय, कसं करायचं सांगा ना, आणि मी प्रत्येकाला तासभर तेच तेच सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. मी पाळक नाही, बायबल कॉलेजलाही गेलेली नाही, मराठी शाळेत शिकवते, नगर जिल्ह्यातल्या एका मध्यम मंडळीत बरीच वर्षं संडे स्कूल घेतलं आणि आता नऊ वर्षं झाली आमचा सेवागट, म्हणजे एकत्र प्रार्थना करून लोकांच्या मदतीला जाणारा गट, चालतोय. त्यातली पहिली दोन वर्षं तो धड चालत नव्हता हे आधीच सांगून ठेवते, कारण खाली जे लिहिलंय ते बहुतेक त्या दोन वर्षांच्या ठेचांमधूनच आलंय.

कुठल्याही मंडळीत बघा, दोन पार्ट्या असतातच. एक गुडघेवाले. बुधवारची प्रार्थनासभा, शुक्रवारची घरसभा, उपास, सगळं मनापासून करणार, पण चर्चच्या मागच्याच गल्लीत एका आजीला चार दिवस ताप होता हे त्यांना रविवारी कळणार. दुसरे चपलावाले, म्हणजे कायम पायात चप्पल घालून तयार. नाताळला ब्लँकेट, जूनमध्ये वह्या, मधे रक्तदान शिबिर, मंडप, खुर्च्या, सगळ्यात पुढे हे, पण उपासनेला दुसरं गीत संपल्यावर मागच्या दाराने येणार आणि प्रार्थनेला बसा म्हटलं की नेमका फोन वाजणार. आणि दोन्ही पार्ट्या एकमेकांना नावं ठेवणार. मी स्वतः दुसऱ्या पार्टीतली होते, कबूल करते, मला वाटायचं प्रार्थना काय घरी पण होते, इथे कामं पडलीत.

आता शास्त्रात बघा. लूकच्या 10व्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे, आणि ती संपली रे संपली की लगेच मार्था आणि मरीयेची. पहिल्या गोष्टीत जो थांबतो, जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून नेतो, पदरचे पैसे देतो तो बरोबर, आणि दुसरीत जी काम सोडून येशूच्या पायाशी ऐकत बसते ती मरीया बरोबर. लूकने दोन्ही चिकटून ठेवल्यात, आपण मात्र उपदेश करताना सोयीप्रमाणे एकच उचलतो, वर्गणी गोळा करायची असेल तर शोमरोनी आणि प्रार्थनासभेला माणसं कमी यायला लागली की मरीया!

अजून एक जागा मला फार आवडते, मार्क 1. कफर्णहूमात संध्याकाळभर येशू आजाऱ्यांना बरं करतोय, सगळं गाव दाराशी गोळा झालंय, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठून तो एकटा निघून जातो प्रार्थनेला. शिमोन आणि बाकीचे शोधत येतात, सगळे तुम्हाला शोधतायत म्हणून सांगतात. आपण असतो तर पळत गेलो असतो परत, एवढी गर्दी, एवढा रिस्पॉन्स! तो म्हणतो चला, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. म्हणजे प्रार्थनेतून उठल्यावर त्या दिवसाचा प्लॅनच बदललेला होता. आमच्या सगळ्या पद्धतीचा पाया काय विचाराल तर हाच. कामाआधी नारळ फोडल्यासारखी जी दोन मिनिटांची प्रार्थना आपण करतो ना, ती नाही चालत, कारण तिच्यात काम बदलायची, थांबवायची सोयच नसते.

तर वही.

200 पानी, रेघांची, पुठ्ठ्याच्या कव्हरची, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती साधी. उघडली की डावं पान प्रार्थनेचं, उजवं पान कामाचं. प्रत्येक आठवड्याला एक जोडपान. डावीकडे कुणासाठी आणि कशासाठी प्रार्थना, उजवीकडे कुणी काय करायचं, कधी. बस. मग प्रार्थना झाल्यावर वही ज्याच्या हातात आहे त्याने एकच प्रश्न विचारायचा, डावीकडचं काही उजवीकडे येतंय का? समजा डावीकडे लिहिलंय "अमुक मावशी, मुलाच्या नोकरीसाठी". तीन आठवडे आपण देवाला सांगतोय त्याला नोकरी दे, आणि आपल्याच गटात एक जण एमआयडीसीत सुपरवायझर आहे, त्याला कळायला नको? तो उजवीकडे लिहितो, मंगळवारी मुलाला भेटतो, बायोडाटा बघतो. अशा वेळी जाम गंमत येते, कारण ज्याने सगळ्यात जोरात प्रार्थना केली तोच बहुतेक वेळा उत्तर असतो आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि उलट पण विचारायचं. उजवीकडचं असं कुठलं काम आहे जे डावीकडे कधी गेलंच नाही? आमच्याकडे एक मोठा मेडिकल कॅम्प घ्यायचं दोन महिने उजवीकडे पडून होतं, सगळे उत्साहात, डॉक्टर ठरले, हॉल ठरला. एकदा हा प्रश्न विचारला तर लक्षात आलं की ह्या कॅम्पसाठी कुणी एकदाही प्रार्थना केली नव्हती, कारण खरं सांगायचं तर तो कॅम्प शेजारच्या मंडळीने घेतला म्हणून आपण घ्यायचा एवढंच कारण होतं. खोडला.

काही गोष्टी डावीकडेच राहतात, राहू द्या. कुणाचा कॅन्सर, कुणाचा तुटलेला संसार. प्रत्येक गोष्टीवर काहीतरी करायलाच पाहिजे हा चपलावाल्यांचा आजार आहे, मला अजून होतो मधूनमधून.

वहीचा एक कडक नियम. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, घरी टेबलावर उघडी सोडायची नाही, नावं शक्यतो आद्याक्षरात. पहिल्या वर्षी आम्ही प्रार्थना विनंत्या ग्रुपवर टाकायचो, एका घरातल्या भांडणाची विनंती कुणीतरी भोळेपणाने पुढे पाठवली, ती फिरत फिरत त्याच घरातल्या सुनेच्या माहेरी पोचली. ते कुटुंब सात महिने चर्चला आलं नाही. चूक आमचीच होती, घरी जाऊन माफी मागितली, पण विश्वास काय माफीने लगेच परत येत नाही. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर फक्त वेळ आणि जागा.

माणसं किती घ्यायची? बाराच्या पुढे नको. हा आकडा मी शिष्यांवरून घेतलेला नाही, म्हणजे तसं म्हणा हवं तर, पण ह्याची एक मस्त गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉन वेस्ली ह्या धर्मोपदेशकाच्या लोकांनी प्रार्थनाघर बांधलं आणि त्याचं कर्ज झालं. 1742 साली कर्ज कसं फेडायचं ह्याची मीटिंग चालू होती, तर एक जण म्हणाला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा बारा जणांचे गट करा, एकेक माणूस नेमा जो घरोघरी जाऊन गोळा करेल, आणि ज्याला परवडत नाही त्याची पेनी मी भरीन. झालं, माणसं घरोघर जायला लागली आणि पेनी गोळा करताना त्यांना दिसायला लागलं की कुणाच्या घरात भांडण आहे, कुणी पुन्हा दारूला लागलाय, कुणी आजारी आहे. वेस्लीच्या ध्यानात आलं की आपल्याला इतके दिवस पाहिजे होतं ते हेच. मेथडिस्ट लोकांचे, म्हणजे वेस्लीच्या पंथाचे, क्लास मीटिंग नावाचे छोटे गट म्हणतात ते इथून निघाले. आमच्याकडे कित्येक मंडळ्यांत अजून मासिक वर्गणी घरी जाऊन गोळा करतात, पावती फाडतात आणि दारातूनच परत फिरतात. आत जाऊन बसा ना जरा! पाणी प्या. विचारा कसं चाललंय.

बारा जणांत मिश्रण पाहिजे. दोन तरी म्हातारी माणसं, दोन-तीन तरुण संघातली पोरं, महिला मंडळातल्या बाया, एखादा रिक्षावाला असेल तर सोन्याहून पिवळं कारण गाव त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पंच कमिटीतला, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांतला, एकच माणूस घ्या, जास्त घेतले की त्याची कमिटी होते आणि कमिटी झाली की मिनिट्स लिहिणं आलं. पाळकसाहेबांना पहिल्या दिवशी जाऊन सांगा, त्यांची परवानगी आणि आशीर्वाद घ्या, पण गट त्यांच्यावर टाकू नका, पाळकांची बदली झाली की त्यांच्या जिवावर चालणारा गट पण बदलीवर जातो. प्रेषितांच्या कृत्यांत 6व्या अध्यायात हाच तर विषय आहे, विधवांच्या रोजच्या वाटपात काही जणींकडे दुर्लक्ष होत होतं, कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी स्वतः वाढायला न लागता सात माणसं निवडायला लावली. आणि निवडताना अट काय घातली तर चांगल्या नावाची, आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली. जेवण वाढायला!

आता आठवड्याची बैठक. आमची शनिवारी संध्याकाळी साडेसहाला असते, सव्वा तास, त्याच्यावर एक मिनिट नाही कारण मग लोक यायचे बंद होतात. सुरुवातीला एक भजन. आपल्या मराठी मंडळीचं भाग्य असं की रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा माणूस आपल्याला मिळाला, 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, नंतर नगरमध्ये राहिले, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस, त्यांनी अभंग आणि भजनं लिहिली म्हणून आज आपण पेटी, टाळ घेऊन बसू शकतो. तरुण पोरांना गिटार पाहिजे असते, असू द्या, पण महिन्यातून एकदा तरी टाळ काढा, ज्या आज्या एरवी गप्प असतात त्या सगळ्यात मोठ्याने गातात.

मग वाचन. इथे आम्ही एक जुनी पद्धत वापरतो, मठांमधली, बाराव्या शतकात गीगो नावाच्या साधूने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, वाचणं, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवासमोर राहणं. ऐकायला भारी वाटतं पण करायला सोपं आहे. सात-आठ ओळींचाच उतारा घ्यायचा. एकाने हळू वाचायचा. दोन मिनिटं गप्प. दुसऱ्याने परत वाचायचा, शक्यतो पहिला पुरुष असेल तर आता बाई, आवाज बदलला की वेगळं ऐकू येतं. ह्यावेळी प्रत्येकाने जो शब्द अडकला तो फक्त सांगायचा, एक शब्द, स्पष्टीकरण नाही. तिसऱ्यांदा वाचायचा आणि चार मिनिटं शांत. ह्या चार मिनिटांत पहिले काही आठवडे लोकांची फार पंचाईत होते. कुणी खोकतं, कुणी बांगड्या वाजवतं, कुणाला वाटतं आता आपणच प्रार्थना म्हणायला पाहिजे आणि सुरू करतं. आपल्या मंडळ्यांना शांततेची सवयच नाही, उपासनेत एक मिनिट कुणी बोललं नाही तर लोकांना वाटतं माइक बंद पडला. घड्याळ लावून ठेवा आणि चिकाटी धरा, साधारण पाचव्या आठवड्यापासून लोक स्वतःहून म्हणतात की ती चार मिनिटं वाढवा.

घरी करायला एकच गोष्ट देतो, झोपण्याआधी दिवसाची उजळणी. कॅथलिक संत इग्नाटियस लोयोला ह्यांची ही शिकवण, सोळाव्या शतकातली, कॅथलिक लोकांना माहीत असेल, आपल्याकडे प्रॉटेस्टंट मंडळीत फार कुणी करत नाही पण करायला हरकत काहीच नाही. दिवस सकाळपासून डोळ्यांसमोर आणायचा, कशासाठी आभार मानायचे ते बघायचं, कुठे चुकलो ते बघायचं, क्षमा मागायची आणि उद्यासाठी मदत मागायची. आम्ही त्यात एक जास्तीचा प्रश्न टाकला, आज माझ्यासमोर कोण आलं होतं आणि मी बघितलं नाही? पाच मिनिटं लागतात. आमच्यातला रिक्षावाला भाऊ म्हणतो, शेवटची सवारी सोडली की गाडी बाजूला घेऊन तिथेच करतो, घरी गेलं की टीव्ही असतो.

बरं आता कामाकडे. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती म्हणजे लोकांना काय पाहिजे ते न विचारता आपण ठरवतो. आमचा पहिला उपक्रम जवळच्या वस्तीत मुलांची मोफत शिकवणी. मी शिक्षिका, त्यामुळे मला तर खात्रीच. फळा घेतला, खडू घेतले, पाच वाजता वर्ग. पहिल्या आठवड्यात 22 मुलं, दुसऱ्यात 9, तिसऱ्यात 2. मला वाटलं आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही, असं मी घरी बोलले पण, आता आठवलं की लाज वाटते. शेवटी एका पोरीलाच विचारलं तर ती म्हणाली, बाई पाचला टँकर येतो. हंडे कोण धरणार? साडेसातला वर्ग ठेवला, भरला. एवढं विचारायला मला तीन आठवडे लागले.

हे मी नगर जिल्ह्यात राहून करायला नको होतं, कारण आपल्याच जिल्ह्यात जामखेडचं उदाहरण आहे. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघं वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजला शिकलेले, श्रद्धावान ख्रिस्ती, 1970 ला जामखेडला आले. डॉक्टर आले म्हणजे लोक म्हणणार दवाखाना द्या, औषधं द्या. पण दुष्काळी भाग, लोक म्हणाले पाणी आणि अन्न. तर त्यांनी पाण्याचं आणि पोरांच्या खाण्याचं काम हातात घेतलं, आणि मग गावातल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं, त्यातल्या कित्येक दलित, कित्येक निरक्षर, आणि ह्या बायांनी आपापल्या गावात बाळंतपणं, लसीकरण, कुपोषण सगळं बदलून दाखवलं. 1979 ला दोघांना मॅगसेसे मिळालं. बघायला देशोदेशीचे लोक येतात आणि आम्ही एसटीने काही तासांवर राहून फळा घेऊन पाचला वर्ग लावतो. पहिले सहा आठवडे म्हणून काहीच वाटू नका, काहीच चालू करू नका, फक्त जा, बसा, ऐका, आणि रात्री वहीत लिहा. लोकांना काय पाहिजे ह्याबरोबर त्यांच्याकडे काय आहे ते पण लिहा. कुणाला शिवण येतं, कुणाला सुईणपण येतं, कुणाचा आवाज चांगला आहे.

आमच्या गटाची दोन कामं टिकली, ती सविस्तर सांगते कारण ती कुठल्याही गावात होऊ शकतात आणि खर्च जवळजवळ नाही.

पहिलं दवाखान्यातली सोबत. सरकारी मोठ्या दवाखान्यात पेशंटकडे नर्स, डॉक्टर बघतात, पण त्याच्या बरोबर खेड्यातून आलेला जो भाऊ किंवा आई असते तिच्याकडे कोणी बघत नाही. तिला केसपेपर कुठे काढायचा माहीत नसतं, एक्सरे कुठल्या मजल्यावर माहीत नसतं, फोनची बॅटरी संपलेली असते, आणि पेशंटला सोडून जेवायला जाता येत नाही. तर आमचे दोघं दोघं जातात, मंगळवारी आणि शुक्रवारी, बरोबर काय नेतात तर चार्जर, पाण्याच्या बाटल्या, पेन, कोरे कागद, आणि डबे. डबा कमी तिखट, खिचडी किंवा पोळी आणि साधी भाजी, पेशंटला द्यायचा असेल तर सिस्टरला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. सगळ्यात उपयोगी सेवा कुठली सांगू? "तुम्ही अर्धा तास जाऊन अंघोळ करून या, मी इथे बसते." एवढंच. लोक रडतात हो त्या वाक्याला.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेची माहिती करून घ्या, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं असतं. आम्ही फक्त त्याच्या टेबलापर्यंत नेऊन पोचवतो, पुढचं तो बघतो. खूप लोकांना टेबल आहे हेच माहीत नसतं आणि तोवर सोनं गहाण पडलेलं असतं.

प्रार्थना करायची का? विचारून. "मी तुमच्यासाठी प्रार्थना करू का" आणि नको म्हटलं तर हसून बरं म्हणायचं, आणि पुढच्या मंगळवारी डबा तसाच द्यायचा. हो म्हटलं तर एक मिनिट, हळू आवाजात, त्याच्या नावाने, उपदेश नाही. आणि काही वाक्यं आमच्या गटात बंदच केलीत. देवाची इच्छा. विश्वास ठेवा सगळं बरं होईल. पापाची कबुली दिली का. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र बघा, सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत किती चांगले होते, तोंड उघडलं आणि सगळं घालवलं.

आणि पत्रकं वाटायची नाहीत. इथे आमच्यात एकदा मोठा वाद झाला, एक काका म्हणाले मग आपल्यात आणि समाजसेवकांत फरक काय. माझं मत असं की ज्याचं पोर व्हेंटिलेटरवर आहे त्या माणसाला नाही म्हणायची ताकदच नसते, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो ला काही अर्थ नाही. कुणी स्वतःहून विचारलं तुम्ही हे का करता तर सांगा ना मोकळेपणाने, लपवायचं काय त्यात. डब्याला अट नको. ते काका अजून गटात आहेत, अजून वाद घालतात, डबा मात्र सगळ्यात आधी त्यांचा तयार असतो.

दुसरं काम कागदपत्रांचं. ह्यात ग्लॅमर शून्य, फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून कुणी करत नाही. 65 च्या वरच्या निराधार म्हाताऱ्यांना श्रावणबाळ योजना असते, विधवा, अपंग, निराधार ह्यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना, पण फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, आधार बँकेला जोडलेलं पाहिजे, आणि मिळायला लागल्यावर पण दर वर्षी हयातीचा दाखला नाहीतर पैसे बंद. एका आजीला चार चकरा मारायला लागतात, रिक्षाला पैसे नसतात, म्हणून ती सोडून देते. आमच्या तरुण संघातल्या दोन पोरांनी हे शिकून घेतलं, दर दुसऱ्या शनिवारी उपासनेच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसतात, झेरॉक्स काढून देतात, तहसीलला बरोबर जातात. जात धर्म काही विचारत नाहीत, पहिल्या वर्षी आलेल्यात अर्ध्याहून जास्त लोक ख्रिस्ती नव्हतेच. एक पोरगा मला म्हणाला, ताई तहसीलच्या लाइनीत मी जेवढा संयम शिकलो तेवढा तीन वर्षांच्या युथ कॅम्पमध्ये नाही शिकलो. तो आधी देवाबद्दल बोलायचा तेव्हा खूप मोठे मोठे शब्द वापरायचा, आता आजीचा अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून तिच्यासाठी प्रार्थना करतो, खरोखर, वहीत लिहिलंय, "स. आजी, अंगठा". माझ्या मते आत्मिक वाढ म्हणजे काय हे तुम्हाला बघायचं असेल तर ते पान बघा.

ज्यांना वाटतं की प्रार्थना आणि असली खटपट ही वेगवेगळ्या माणसांची कामं आहेत त्यांनी एकदा केडगावला जाऊन यावं, दौंडजवळ. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, आणि त्यांच्यासाठी विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठी वेगळी शाळा, असं एक गावच उभं केलं. आणि 1905 ला तिथेच जे आत्मिक जागरण झालं ज्याच्याबद्दल आपण उपदेशात ऐकतो, ते त्या वर्षाच्या सुरुवातीला सत्तरेक मुली रोज जमून प्रार्थना करायला लागल्या तिथून पेटलं. म्हणजे रडून प्रार्थना करणाऱ्या मुली आणि छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या मुली ह्या त्याच. रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, ते छापलं पण तिथेच.

पैशाचं थोडक्यात. आम्ही बाहेरून निधी घेत नाही, बारा जण महिन्याला जमेल तेवढं टाकतो आणि हार्वेस्टच्या, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाच्या, लिलावातला एक भाग मंडळी देते. हिशोब दोघांकडे, एका घरातले दोघं नकोत, महिन्याच्या महिन्याला चर्चच्या बोर्डवर कागद लावायचा, अगदी 40 रुपयांची झेरॉक्स पण. कुणाला रोख उसने द्यायचे नाहीत, बिल भरायचं असेल तर दुकानात, मेडिकलमध्ये थेट. मुलांचं काम असेल तर दोन मोठी माणसं नेहमी हजर, दार उघडं, आईवडिलांची लेखी परवानगी, इथे ओळखीचा आहे म्हणून सूट कुणालाच नाही, पाळकांच्या मुलाला पण नाही. फोटो चेहऱ्याचे नाहीत. बॅनर नाही. मत्तय 6 मध्ये उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं आहे, आणि आपण फ्लेक्स छापतो तोही दानशूरांच्या फोटोसकट.

थकवा येतो, धरून चाला. साधारण तिसऱ्या महिन्यात. लक्षणं काय तर लोक बैठकीला येत नाहीत पण कामाला येतात, चिडचिड होते, "आपण एवढं करतो आणि त्यांना काही नाही त्याचं" असं बोलणं सुरू होतं. आमचा नियम, जो सलग दोन बैठकींना आला नाही त्याला तिसऱ्या आठवड्याचं काम मिळत नाही. पहिल्यांदा केला तेव्हा फार राग आला लोकांना, मला पण आला कारण पहिला नंबर माझाच लागला, दहावीचे पेपर तपासायचे होते म्हणून दोनदा गेले नव्हते. त्या मंगळवारी डबा न्यायला मला कुणी दिलाच नाही. घरी बसले. चिडून उजळणी केली रात्री आणि लक्षात आलं की दवाखान्यात जायला मिळालं नाही ह्याचं दुःख कमी आणि माझ्याशिवाय चाललं ह्याचं जास्त होतं. वर्षातून एक पूर्ण महिना, आम्ही मे ठेवलाय, नवीन काम काही घ्यायचं नाही, फक्त दवाखाना चालू ठेवायचा आणि बाकी बैठक आणि शांतता.

आणखी एक, घेता पण आलं पाहिजे. योहान 13 मध्ये येशू पाय धुवायला लागतो तर पेत्र म्हणतो माझे नाही धुवायचे, आपण सगळे पेत्रच. मला डेंग्यू झाला तेव्हा गटाने आठ दिवस डबा दिला, पहिल्या दिवशी मी दारातूनच परत पाठवत होते, घरात सगळं आहे म्हणून. डबा घेऊन आलेली मुलगी वस्तीतली, माझ्याच साडेसातच्या वर्गातली, आता बारावीला, म्हणाली बाई तुम्हीच म्हणता ना डब्याला अट नको.

सुरू कधी करायचं विचाराल तर लेंट सगळ्यात बरा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून 40 दिवस, लोकांचं मन पण तयार असतं आणि शेवट ठरलेला असल्यामुळे सहा आठवड्यांसाठी हो म्हणायला कुणाला जड जात नाही. तेवढे दिवस नुसतं ऐकायचं, फिरायचं, लिहायचं, कामाचं उजवं पान कोरं राहिलं तरी राहू द्यायचं. ईस्टर झाल्यावर पहिल्या शनिवारी वही उघडून सगळी डावी पानं एकदा मोठ्याने वाचा, एकाच बसणीत, मग चार मिनिटं गप्प बसा आणि मगच पहिलं काम लिहा. चहा त्यानंतर ठेवा, आधी नको, आमच्याकडे आधी ठेवला होता तर चार मिनिटांत सगळ्यांचं लक्ष गाळणीकडे.